कृष्णाकाठच्या तीन खेपा

बेळगावहून निपाणीकडे जाणाऱ्या हमरस्त्याने आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी प्रवास केला असेल. काकती मागे पडते, हत्तरगी येते आणि पुढे हिरण्यकेशीच्या काठी संकेश्वर लागते. येथवर कोल्हापूरची वाट आणि ही वाट एकच. परंतु संकेश्वरास उजवीकडे वळून चिकोडीचा रस्ता धरला, की प्रदेशाचे रूप हळूहळू पालटू लागते. तांबडी माती मागे राहते आणि काळी जमीन सुरू होते. चिकोडी ओलांडून अंकलीच्या दिशेने उतरू लागले, म्हणजे दोन्ही अंगांस उसाचे मळे दिसू लागतात. दुकानाची पाटी कानडीत, दुकानदाराचे बोलणे मराठीत आणि भांडण झालेच तर दोन्ही भाषांत, असा हा मुलूख आहे. पुढे मांजरीच्या पुलाखालून कृष्णा वाहते. उन्हाळ्यात पाहिली तर ही नदी इतकी शांत दिसते, की तिने कोणाचे काही बिघडविले असेल यावर विश्वास बसू नये.

या वाटेने आम्ही आमच्या धर्मग्रामातील मंडळींसह तीन खेपा केल्या. त्यांतील एक खेप आम्ही उशिरा केली. त्या उशिराची हकीगत सांगितल्यावाचून बाकीचे सांगण्यात अर्थ नाही, म्हणून हा लेख.

प्रथम नदीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते. कऱ्हाडास तिला कोयना मिळते, सांगलीजवळ वारणा मिळते, नरसोबाच्या वाडीस पंचगंगा मिळते. आणि वेदगंगेला पोटात घेऊन आलेली दूधगंगा चिकोडीच्या मुलखात तिला येऊन भेटते. म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेल्या पावसाचा फार मोठा वाटा या सपाट प्रदेशातून खाली जातो. पाऊस पडतो घाटमाथ्यावर आणि पूर येतो कित्येक कोस खाली. गावात ऊन पडलेले असावे, अंगणात धान्य वाळत घातलेले असावे आणि शिवारात पाणी चढत असावे, असे तेथे घडते. शिवाय जमीन सपाट असल्यामुळे आलेले पाणी लवकर जात नाही.

२०१९ च्या ऑगस्ट महिन्यात हे सारे एकदमच घडले. घाटात पावसाने कहर केला, धरणे भरली आणि त्यांचे दरवाजे उघडावे लागले. सांगलीस आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. तेथे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची पातळी ४३ फूट. तेथे ते ५५ फुटांच्या वर गेले. कोल्हापूरजवळ शिरोलीस आणि निपाणीजवळ यमगर्णीस हमरस्त्यावर पाणी आले व वाहतूक कित्येक दिवस बंद पडली. ८ ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि त्या पाण्यात बायकामुलांचेही प्राण गेले. महाराष्ट्रातून आलेले तेच पाणी सीमा ओलांडून चिकोडी, कागवाड, अथणी, रायबाग या तालुक्यांत शिरले. नदीला सीमा ठाऊक नव्हती.

त्या वर्षी १५ ऑगस्ट रोजी स्वातंत्र्यदिन, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आणि राखीपौर्णिमा ही तिन्ही एकाच दिवशी आली होती. सकाळच्या मिस्सानंतर आम्ही मंडळींस आवाहन केले आणि लोकांनी मन मोठे करून दिले. दोन दिवसांत आमच्या घराची ओसरी कपड्यांच्या गाठोड्यांनी, बिस्किटांच्या खोक्यांनी व पाण्याच्या बाटल्यांनी भरून गेली. पाणी ओसरून रस्ता मोकळा झाल्याचे कळताच सोमवार, १९ ऑगस्ट रोजी एक मालमोटार व एक लहान बस घेऊन आम्ही निघालो. आम्ही एकंदर बावीस जण होतो. मनात उत्साह होता आणि, खरे सांगावयाचे तर, थोडा अभिमानही होता.

अंकलीच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडून आम्ही नदीकाठच्या एका गावाकडे वळलो. त्या गावाचे नाव येथे मुद्दामच देत नाही. गाव दिसण्यापूर्वी त्याचा वास आला. उसाच्या पोंग्यात पाणी जाऊन ऊस उभ्या जागी कुजला होता. त्या वासात मेलेल्या जनावरांचा वास मिसळला होता. गावाच्या तोंडाशी आमच्या आधीच पाचसहा वाहने उभी होती. वाहन थांबे, लोक धावत, जो पुढे पोहोचे त्याच्या हाती पुडके पडे आणि वाहन मागे फिरे. रस्त्याच्या कडेला चिखलात जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते. कोणीतरी श्रद्धेने घडी घालून दिलेल्या साड्या तेथे शेळ्यांच्या पायांखाली आल्या होत्या. तशीच गाठोडी आमच्या मालमोटारीतही होती.

गावातील शाळेचे एक शिक्षक आमच्यापाशी आले. गुडघ्यापर्यंत चिखल, चार दिवसांची दाढी. त्यांनी नमस्कार केला आणि सौम्यपणे विचारले, “फादर, फावडी आणलीत का?”

आम्ही चार फावडी आणली होती. कपड्यांची गाठोडी साठ होती.

शिक्षकांनी आमची फजिती ओळखली, पण ते त्यावर काही बोलले नाहीत. ते म्हणाले, “वाटप रस्त्यावर करू नका. इथे येतात ते रस्त्यालगतचे. ज्यांचं खरंच गेलंय ते मागच्या आळीत घर उपसत बसलेत, त्यांना इथवर यायला सवड नाही.” मग त्यांनी कोठून कोठून दहा फावडी, काही घमेली आणि खराटे मिळवून दिले व आम्हांस मागच्या आळीत नेले.

पूर उतरल्यानंतर घर साफ करणे म्हणजे काय, हे त्या दिवशी आम्ही शिकलो. प्रथम काठीने आपटून कोपरे पाहावयाचे, कारण पाण्याबरोबर साप आत येतात. विजेचे बटण कोणी दाबावयाचे नाही. मग गाळ काढावयाचा आणि तो ओला असेतोवरच काढावयाचा. एकदा वाळला म्हणजे तो विटेसारखा घट्ट होतो आणि कुदळीशिवाय निघत नाही. पाणी टाकून गाळ पातळ करावयाचा, फळीने दाराकडे लोटावयाचा, घमेल्याने उचलावयाचा. एका खोलीस चार माणसांना अर्धा दिवस लागतो. आमच्यातील कारकुनी करणाऱ्यांच्या हातांस दुपारपर्यंत फोड आले. आमच्याही आले. शेजारच्या घरी गावच्या तरुण मंडळाची मुले तेच काम करीत होती. ती आमच्या दुप्पट वेगाने करीत होती आणि आमच्याकडे पाहून हसतही होती.

त्या आळीतील शेवटचे घर एका वृद्ध विधवेचे होते. सोपा, माजघर, मागे लहानसा गोठा. भिंती पांढऱ्या मातीच्या, वर खापऱ्या. जमीन नाही, दुसऱ्याच्या उसात मजुरी करून ती आपल्या दहा वर्षांच्या नातवास वाढवीत होती. पाण्याची खूण भिंतीवर आमच्या छातीइतकी उंच होती. म्हैस दावे कापून सोडून दिली होती, ती परत आली नव्हती. पत्र्याच्या पेटीतली कागदपत्रे भिजून एकमेकांस चिकटली होती. रेशनकार्ड, आधारकार्ड, घराचा उतारा, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. आजी ती बाजेवर एकेक पसरून वाळवीत बसली होती आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक खडा ठेवीत होती.

आम्ही तिचे घर उपसले. संध्याकाळी शिक्षकांनी मागची भिंत आम्हांस दाखविली. ती बाहेरच्या अंगास किंचित झुकली होती. ते म्हणाले, “पाणी असताना भिंत पडत नाही, फादर. ऊन लागलं की पडते. वरून वाळते, आतून ओली राहते, मग चिरते. हिला वेळेवर टेकू द्यायला हवेत.” आमच्यापाशी वासे नव्हते. आम्ही आजीस म्हणालो, “आजी, पुढच्या आठवड्यात येतो. वासे घेऊन येतो आणि टेकू देतो.” तिने हात जोडले. मग आमच्यातील एकाने सर्वांचे छायाचित्र काढले आणि आम्ही परतलो. येताना बसमध्ये पुष्कळ गाणी झाली.

पुढच्या आठवड्यात आम्ही गेलो नाही.

आधी पाऊस लागला. मग २ सप्टेंबर रोजी गणेशचतुर्थी आली व बस मिळेना. मग ८ सप्टेंबरच्या मरियेच्या जन्मोत्सवाची तयारी, त्यापूर्वीचा नोव्हेना, नव्या कणसांचा आशीर्वाद. त्यानंतर दोन लग्ने आणि एक आजारपण. कारणे सारी खरी होती आणि त्यांतले एकही पुरेसे नव्हते. वासे मात्र आणून ठेवले होते. ते आमच्या आवारात भिंतीशी टेकून उभे होते आणि आम्ही रोज त्यांच्याजवळून जात होतो.

बुधवार, २ ऑक्टोबर, गांधीजयंतीची सुटी. त्या दिवशी आम्ही दुसऱ्यांदा निघालो. या वेळी आम्ही नऊच होतो. गावाच्या तोंडाशी एकही वाहन नव्हते. कपड्यांचे ढीग मातीत मिसळून गेले होते. मागच्या आळीत शिरताच शेवटच्या घराची मागची बाजू उघडी दिसली. भिंत पंधरा दिवसांपूर्वी रात्री पडली होती आणि तिच्याबरोबर निम्मे छप्परही आले होते. नातू त्याच बाजूस निजला होता. देवाची कृपा, की वाचला; परंतु त्याचा उजवा हात मोडला होता व गळ्यात अडकविलेला होता.

आजी आमच्यावर रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. तिने घोंगडे झटकून पसरले, “बसा” म्हणाली, आणि थोड्या वेळाने, तक्रारीच्या सुरात नव्हे तर एखादी नवल वाटलेली गोष्ट सांगावी तसे म्हणाली, “पानी गेलं तवा समदी आली बगा, बाबा. भिंत पडली तवा कोन न्हाई. तुमी येतो म्हनला व्हतासा, म्हून मी वाट बगिटली.”

आम्ही मान खाली घातली. आमच्या बसच्या टपावर वासे होते.

नुकसान भिंतीवरच थांबले नव्हते. कर्नाटक शासनाने घरात पाणी शिरलेल्या कुटुंबास तातडीचे १०,००० रुपये आणि संपूर्ण पडलेल्या घरासाठी ५ लाख रुपये जाहीर केले होते. घरांची पाहणी होऊन प्रत्येकाची प्रतवारी लिहिली गेली होती. आजीच्या घराची पाहणी झाली तेव्हा भिंत उभी होती. लिहिणाऱ्याने जे पाहिले ते लिहिले. घराची नोंद अंशतः नुकसान अशी झाली. आता घर पडले होते आणि कागदावर उभे होते. आम्ही वेळेवर टेकू दिला असता तर कदाचित घर वाचले असते. निदान मुलाचा हात वाचला असता. हे आम्ही आजवर कोणापाशी बोललो नव्हतो.

फेरपाहणीसाठी अर्ज करावयाचा होता आणि तो कानडीत. त्या आळीतील म्हातारी माणसे शिकली असलीच तर मराठी शाळेत चार इयत्ता. कानडी बोलतात, पण लिहिता येत नाही. आमच्याबरोबर आलेली एक मुलगी कानडी माध्यमात शिकलेली होती. पहिल्या खेपेस ती आली तेव्हा तिला फावडे उचलवत नव्हते, म्हणून काही जणांनी तिची थट्टा केली होती. त्या दिवशी ती शाळेच्या पायरीवर बसली आणि दिवस मावळेपर्यंत लिहीत राहिली. एक एक म्हातारा येई, आपली कागदपत्रे काढी, ती विचारी, तो सांगे. आम्ही बाकीचे भिजलेले दाखले उलगडून तिच्यापुढे ठेवीत होतो. संध्याकाळपर्यंत एकतीस अर्ज झाले. साठ गाठोड्यांनी जे झाले नाही ते एका लेखणीने झाले.

अर्जांच्या मागे हिंडणे हे पुढचे काम. त्यास गाणी नाहीत आणि छायाचित्रेही नाहीत. आमच्यातील दोघे निवृत्त गृहस्थ दर पंधरवड्यास चिकोडीस जात, रांगेत उभे राहत, उणा कागद कोणता ते विचारून येत. सहाव्या खेपेस आजीच्या घराची प्रतवारी बदलली. पैसे हप्त्याहप्त्याने आले. जोते झाले, तोच मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली व काम थांबले. भिंती चढावयास वर्ष लागले. सिमेंटच्या विटांच्या भिंती, पत्र्याचे छप्पर, आणि जोते पूर्वीच्या जोत्याहून दोन हात उंच.

त्या टाळेबंदीत एके दिवशी, चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत पुन्हा वाचताना, एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. या दृष्टांतावर आम्ही वीस वर्षे प्रवचने केली आहेत. तो जखमी मनुष्याजवळ थांबला, त्याने जखमा बांधल्या, त्यास आपल्या जनावरावर बसविले, हे आम्ही मोठ्या आवेशाने सांगत आलो. परंतु सराईवाल्यास दोन नाणी देऊन तो निघतो तेव्हा आपण परतू व राहिलेला खर्च भागवू असे वचन देतो, याकडे आम्ही कधी थांबून पाहिले नव्हते. ज्याच्या हृदयास पाझर फुटतो असा मनुष्य रस्त्यावर थांबतोच. दुसऱ्यांदा त्याच रस्त्याने येणे मात्र हृदयाच्या पाझरावर होत नाही. ते दिनदर्शिकेत लिहून ठेवावे लागते.

तिसरी खेप लवकरच करावी लागली. २०२१ च्या जुलै महिन्यात कृष्णेस पुन्हा मोठा पूर आला, पुन्हा यमगर्णीस हमरस्ता बंद झाला. या वेळी सर्वत्र साथीचे भय होते. मदतीस येणारे थोडे. ऑगस्टच्या आरंभी आम्ही अकरा जण निघालो. कपडे नेले नाहीत. शिक्षकांना दूरध्वनी करून आधी विचारले आणि त्यांनी सांगितले तेवढेच नेले: वीस फावडी, घमेली, खराटे, चुना, विहिरीत टाकावयाची पूड, गाळाचे पाणी उपसण्याचा एक पंप, जनावरांसाठी कडबा आणि चाळीस वासे. वासे मालमोटारीत सर्वांत वर ठेवले होते, म्हणजे आधी हाती यावेत.

आजीच्या नव्या घरात पाणी गुडघ्याइतके चढून गेले होते. भिंती जागच्या जागी होत्या. पेटी उघडण्यासाठी आम्ही वाकलो, तो ती हसली व तिने छपराच्या कैचीकडे बोट दाखविले. तेथे एक जाड प्लास्टिकची पिशवी टांगलेली होती. “कागदं वर हाईत,” ती म्हणाली. “पोरानं जूनमधीच बांदून ठिवली.” तो मुलगा आता बारा वर्षांचा होता. मोडलेला हात किंचित वाकडा राहिला आहे, पण त्या हाताने तो आमच्याबरोबर शेजारच्या घराचा गाळ ओढीत होता. शेजारची मातीची भिंत झुकली होती. त्या दिवशी संध्याकाळच्या आत तिला सहा टेकू लागले.

कामाच्या मध्ये आजीने सर्वांस चहा केला. कोरा चहा, गूळ घातलेला. आमच्यातील एका तरुणाने संकोचाने नको म्हटले. यांचे सारे गेले आहे, यांच्याकडून कसे घ्यावे, असे त्याच्या मनात आले असावे. आजीने पेला त्याच्या हातात कोंबला व म्हणाली, “घे रं लेकरा. तू मला देतोस त्ये मी घेतोय न्हवं?” तो चहा आम्ही सर्वांनी घेतला.

वाचकहो, आपणांपैकी बहुतेक जण खेड्यांतून राहतात आणि पूर, वादळ, आग यांपैकी एखादे संकट आपल्या किंवा शेजारच्या गावावर केव्हा येईल हे सांगता येत नाही. म्हणून या तीन खेपांतून जे हाती लागले ते थोडक्यात सांगून हा लेख संपवितो. निघण्यापूर्वी त्या गावच्या एखाद्या जाणत्या माणसास विचारा आणि तो मागेल तेच न्या. रस्त्यावर वाटू नका. शेवटच्या घरापर्यंत पायी जा. ज्यास फावडे उचलवत नाही त्यास घरी ठेवू नका. लेखणीचे कामही तितकेच पडलेले असते. आपल्या घरची कागदपत्रे पावसाळ्यापूर्वी प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर बांधा, हे आजच करता येईल. आणि “पुन्हा येतो” असे सहज म्हणू नका. म्हटलेत, तर तारीख ठरवूनच म्हणा, कारण तेथे कोणीतरी ती तारीख मोजीत बसलेले असते.

आमच्या आवारात भिंतीशी आजही सहा वासे उभे आहेत. येणारेजाणारे विचारतात, हे कशासाठी? पावसाळा आला की आम्ही ते एकदा खाली घेतो, कीड लागली का पाहतो, आणि पुन्हा जागच्या जागी, हाताशी येतील असे, उभे करून ठेवतो.